रुबिडियमची रेष बरोबर २० मेगाहर्ट्झने चुकतेय (आणि प्रकाशाच्या कंगव्याबद्दल थोडं)

धागाकर्ता: लोलक

मंडळी, प्रश्न विचारायलाच आलोय, पण आधी पार्श्वभूमी सांगतो. ज्यांना नुसती गंमत वाचायची आहे त्यांनीही बसा.

बोटभर लांबीची काचेची नळी, आत रुबिडियमची वाफ. त्यातून ७८० नॅनोमीटरचा लेसर जातो. लेसरची वारंवारता हळूहळू सरकवत नेली की एका ठिकाणी वाफ प्रकाश गिळते आणि पडद्यावर खळगा दिसतो. हा खळगा सुमारे ५०० मेगाहर्ट्झ रुंद असतो, कारण नळीतले अणू सैरावैरा पळत असतात. कुणी लेसरकडे येतंय, कुणी लांब जातंय, प्रत्येकाला तोच प्रकाश थोडा वेगळा 'दिसतो'. डॉप्लर परिणाम, शाळेतलाच.

यावरचा तोडगा जुना आहे. तोच प्रकाश आरशावरून उलटा फिरवून पुन्हा नळीतून पाठवायचा. जे अणू या दिशेत स्थिर आहेत तेवढ्यांनाच दोन्ही किरण एकाच वारंवारतेचे वाटतात. पहिला किरण त्यांना गुंतवून ठेवतो, दुसऱ्याला गिळायला कुणी उरत नाही. मग रुंद खळग्याच्या तळाशी बारीक बारीक टोकं उगवतात, ६ मेगाहर्ट्झच्या आसपास रुंदीची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो.

आता या टोकाची वारंवारता किती? सुमारे ३८४ टेराहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३८४ लाख कोटी हेलकावे. कुठलाही डिटेक्टर एवढे मोजू शकत नाही. म्हणून फ्रीक्वेन्सी कोंब, म्हणजे सारख्या अंतरावर लाखो दात असलेला प्रकाशाचा कंगवा. आमचा एर्बियम फायबरचा आहे, १५६० नॅनोमीटरवर चालतो. स्फटिकातून नेऊन त्याची वारंवारता दुप्पट केली की ७८० मिळतं. रेप रेट (सेकंदाला किती स्पंद सुटतात) २५० मेगाहर्ट्झ, ऑफसेट (सगळा कंगवा शून्यापासून किती सरकलाय) २० मेगाहर्ट्झवर लॉक, म्हणजे तिथेच स्थिर धरलेला.

गणित केलं, आकडा काढला, छापील मान्य किमतीशी ताडून पाहिला. २० मेगाहर्ट्झने कमी. दुसऱ्या दिवशी पुन्हा २०. तिसऱ्या दिवशी नळी बदलली, तरी २०. चुंबकीय क्षेत्रामुळे असेल म्हणून हिशेब केला, तर इतक्या सरकण्याला पृथ्वीच्या क्षेत्राच्या पंचवीसतीसपट क्षेत्र लागेल. चुकीचं टोक पकडलंय म्हणावं तर शेजारचं टोक १३३ मेगाहर्ट्झवर आहे. तेही नाही.

डोकं चालेनासं झालंय. कुणाला काही सुचतंय का?

---

चकाट्या

प्रश्न डोक्यावरून गेला, पण मराठीचा मुद्दा मांडतो. लाखो दात असलेल्या वस्तूला कंगवा म्हणणं हा तिचा अपमान आहे. फणी म्हणा, फणी! तिच्या तावडीतून काही सुटत नाही.

---

नवशिका

फणी +१ :)

पण हा कंगवा म्हणजे खरंच काय असतं ते कुणी सांगेल का? लेसर म्हणजे एकाच रंगाचा प्रकाश असं शिकलोय. मग लाखो दात कुठून आले?

---

हिशेबी

लोलक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला बहुतेक दिसतंय, पण आधी नवशिका यांना सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही ते आपोआप दिसेल.

एक लेसर असा बनवा की त्याच्या पोकळीत प्रकाशाचा एकच आखूड स्पंद गोल गोल फिरत राहील. प्रत्येक फेरीला तो आरशापाशी आला की त्याचा थोडा भाग बाहेर पडतो. रेप रेट १०० मेगाहर्ट्झ असेल तर दर १० नॅनोसेकंदांनी एक स्पंद बाहेर येतो आणि हवेत दोन स्पंदांमधलं अंतर ३ मीटर असतं. स्पंद स्वतः १०० फेम्टोसेकंदांचा असेल तर त्याची लांबी फक्त ३० मायक्रोमीटर. ३ मीटरच्या मोकळ्या रस्त्यावर केसाहून बारीक प्रकाशाचा तुकडा, मग पुन्हा मोकळा रस्ता.

काळात जे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा घडतं, ते वारंवारतेत सारख्या अंतरावरच्या रेषांसारखं दिसतं. फूरियेचं गणित, त्यात जादू नाही. स्पंद जितका आखूड तितक्या रेषा दूरवर पसरतात, आणि दोन रेषांतलं अंतर म्हणजे तंतोतंत रेप रेट. हेच दात.

एक मेख आहे. स्पंदाचं बाहेरचं कवच आणि आतली प्रकाशलहर पोकळीत वेगवेगळ्या वेगाने जातात. म्हणून दर फेरीला लहर कवचाच्या मानाने थोडी सरकते. परिणामी सगळा कंगवाच शून्यापासून थोडा बाजूला सरकलेला असतो. हे सरकणं म्हणजे ऑफसेट. म्हणून कोणत्याही दाताची वारंवारता = दाताचा क्रमांक गुणिले रेप रेट, अधिक ऑफसेट. रेप रेट आणि ऑफसेट दोन्ही मेगाहर्ट्झच्या घरातले, साध्या इलेक्ट्रॉनिक्सने मोजता येणारे. टेराहर्ट्झमधलं कोडं मेगाहर्ट्झमध्ये उतरलं, एवढंच कंगव्याचं काम.

लोलक, आता तुमच्याकडे. प्रकाश स्फटिकातून नेऊन वारंवारता दुप्पट केलीत ना? मग ऑफसेटचं काय झालं?

---

लोलक

अरे देवा.

---

लोलक

हिशेबीताई, साष्टांग. स्फटिकात दोन दात एकत्र येऊन नवा दात बनतो. दोघांच्याही वारंवारतेत एकेक ऑफसेट. बेरजेत दोन. मी मात्र सूत्रात एकदाच २० घातले होते. चाळीस हवे होते. तीन दिवस चुंबकाच्या मागे धावलो.

---

हिशेबी

होतं असं. खरं तर ते २० इतके गोल होते तिथेच शंका यायला हवी होती. निसर्ग चुकवतो तेव्हा १७.३ वगैरेने चुकवतो. बरोबर लॉकच्याच आकड्याने चूक येते तेव्हा ती आपल्या वहीत असते.

आणि ऑफसेटची खूण अधिक की उणे तेही तपासलंत का? ती उलटी धरली तर दुप्पट केलेल्या कंगव्यात ८० मेगाहर्ट्झचा फरक पडेल.

---

जुनं खोड

धागा वाचून बरं वाटलं. आताच्या मुलांना कंगवा आयता मिळतो, त्यामुळे आधी काय होतं ते सांगतो.

पूर्वी सीझियमच्या घड्याळापासून दृश्य प्रकाशापर्यंत पोहोचायला साखळी बांधावी लागे. सीझियम म्हणजे ९,१९२,६३१,७७० हर्ट्झ, सेकंदाची व्याख्या १९६७ पासून तिथेच आहे. तिथून मायक्रोवेव्ह, मग दूरच्या अवरक्तातला लेसर, मग कार्बन डायऑक्साइडचा लेसर, असं करत पायरी पायरीने वर चढायचं. प्रत्येक पायरीवर वेगळं यंत्र, वेगळा लॉक. एक लॉक सुटला की सगळं खाली. विद्यार्थीदशेत अशी एक साखळी मी पाहिली आहे. खोल्या भरून टेबलं, आणि सगळ्या लेसरांची मर्जी एकाच वेळी राखण्यासाठी पाचसहा माणसं. एवढं करून हाती काय, तर एका रेषेची वारंवारता. दुसरी रेष हवी असेल तर नवी साखळी. ब्राउनश्वाइगच्या जर्मन मापन संस्थेने १९९६ मध्ये अशाच साखळीने कॅल्शियमची ६५७ नॅनोमीटरची रेष मोजली, तेव्हा तो केवढा पराक्रम वाटला होता.

त्यामुळे बहुतेक लोक तरंगलांबीच मोजायचे. पण लांबी मोजायची म्हणजे आरसे, हवेचा अपवर्तनांक, किरणाचा वाकडेपणा, सगळं आडवं येतं. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर शॉलो विद्यार्थ्यांना सांगत की वारंवारतेशिवाय दुसरं काही मोजूच नका. त्यांच्याच स्टॅनफर्डमध्ये थिओडोर हेन्श होते. १९७८ मध्येच त्यांच्या गटाने स्पंद सोडणाऱ्या रंगद्रव्य लेसरचे दात वापरून सोडियमच्या रेषांमधली अंतरं मोजली होती. म्हणजे कल्पना जुनी. पण तेव्हा ऑफसेट कळायला मार्ग नव्हता, म्हणून दोन रेषांतला फरक कळे, खुद्द रेष कळत नसे. पट्टीवर खुणा आहेत पण शून्य कुठे आहे ते माहीत नाही, तशी गत.

---

नवशिका

खोडकाका, मग शून्य सापडलं कसं?

---

जुनं खोड

कंगवा इतका रुंद करायचा की तांबड्या टोकाच्या दाताची दुप्पट वारंवारता निळ्या टोकापर्यंत पोहोचली पाहिजे. तांबडा दात दुप्पट केला की त्यात दोन ऑफसेट येतात (लोलक, हे तुम्ही आता जन्मात विसरणार नाही). निळ्या दातात मुळात एकच ऑफसेट. दोघांना एका डिटेक्टरवर पाडलं की त्यांचा फरक म्हणजे निव्वळ ऑफसेट. दोन तारा जवळजवळ सुरात लागल्या की आवाज हेलकावे घेतो ना, तेच इथे प्रकाशाचं. पुस्तकात त्याला विस्पंद म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे बीट म्हणतात.

अडचण रुंदीची होती. टायटेनियम-सफायर लेसर ८०० नॅनोमीटरभोवती चांगले आखूड स्पंद देत होता, पण एवढा रुंद कंगवा नाही. १९९९-२००० च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सूक्ष्म छिद्रांचं फायबर आलं. त्यात स्पंद सोडला की दुसऱ्या टोकाने जवळजवळ पांढरा प्रकाश येतो, आणि दात जागच्या जागी राहतात. मग जर्मनीतल्या गार्शिंगला हेन्श आणि अमेरिकेतल्या बोल्डरला जॉन हॉल यांच्या गटांत अक्षरशः चढाओढ लागली. खोल्या भरणारी साखळी एका टेबलावर आली. २००५ चं नोबेल अर्धं रॉय ग्लॉबर यांना, उरलेलं अर्धं या दोघांत.

---

वाचनमात्र

हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका राव. वाचनखूण साठवली आहे.

---

धुकं

मला एका गोष्टीवर हरकत घ्यायची आहे, लोलक यांच्यावर नाही, एकूण बोलण्यावर. सगळीकडे "कंगव्यामुळे अतिसूक्ष्म वर्णपट मिळतो" असं लिहिलेलं असतं. कंगवा रेषा बारीक करतो का? ६ मेगाहर्ट्झची रेष ६ मेगाहर्ट्झचीच राहते.

---

हिशेबी

अगदी. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. रेष किती बारीक दिसते हे अणू ठरवतो, आणि तुम्ही त्याला किती शांतपणे वागवता ते ठरवतं. कंगवा फक्त सांगतो की ती रेष नेमकी कुठे आहे.

हायड्रोजनचं उदाहरण घ्या. पहिल्या पातळीवरून दुसऱ्या एस पातळीवर जायला अणू २४३ नॅनोमीटरचे दोन फोटॉन घेतो, समोरासमोरून एकेक, म्हणजे डॉप्लरचा पहिला परिणाम परस्पर कटतो. वरची पातळी सुमारे सेकंदाचा आठवा भाग टिकते, म्हणून रेषेची नैसर्गिक रुंदी १.३ हर्ट्झच्या आसपास. ही बारीकी अणूची देणगी. गार्शिंगच्या लोकांनी हायड्रोजन काही केल्विनपर्यंत थंड केला. मोजणीसाठी फिरतं सीझियम घड्याळ पॅरिसहून आणलं. त्यांचा २०११ मध्ये छापलेला आकडा हा:

२,४६६,०६१,४१३,१८७,०३५ हर्ट्झ, कमीजास्त १०.

एवढा आकडा वाचायला जीभ अडखळते आणि शंका फक्त शेवटच्या दोन अंकांत!

उलट उदाहरणही तिथलंच आहे. दुसऱ्या पातळीवरून चौथ्या पी पातळीवर जाणारी रेष चांगली रुंद, दहा मेगाहर्ट्झच्या वर. २०१७ मध्ये त्यांनी तिचा मध्य रुंदीच्या दहाहजाराव्या भागापर्यंत शोधला. तिथे कंगव्याची अडचणच नव्हती, तो त्याहून कितीतरी चांगला होता. खरी डोकेदुखी रेषेच्या आकाराची. शेजारच्या रेषेच्या सावलीमुळे ती किंचित एका बाजूला कलते. ते कलणं समजून घेण्यात सगळी शक्ती गेली.

---

नवशिका

एवढ्या खोलात जाऊन मिळतं काय?

---

हिशेबी

प्रोटॉन केवढा आहे ते. इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या आतूनही जातो, त्यामुळे पातळी जराशी सरकते. इलेक्ट्रॉनऐवजी म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) घातलेल्या हायड्रोजनवरून २०१० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर आली, तर तोपर्यंत सगळे ०.८८ धरून चालले होते. चार टक्क्यांचा फरक, आणि दोन्ही बाजू आपापल्या आकड्यावर ठाम. गार्शिंगची ती २०१७ ची मोजणी लहान आकड्याकडे गेली. २०१८ मध्ये पॅरिसच्या गटाची पुन्हा मोठ्याकडे. माझा कल लहान आकड्याकडे आहे, पण दोन उत्तम प्रयोगशाळा एकाच अणूबद्दल वेगळं बोलतात तेव्हा मला मान्यतेपेक्षा कुतूहल जास्त वाटतं.

---

धुकं

आता माझ्या गल्लीत येतो. मी हवेतले वायू बघतो, आणि इथे कंगवा नुसती पट्टी राहत नाही, तो दिवा होतो.

दोन कंगवे घ्या. एकाचा रेप रेट १०० मेगाहर्ट्झ, दुसऱ्याचा त्याहून १ किलोहर्ट्झने जास्त. दोघांचा प्रकाश एका डिटेक्टरवर पाडला की पहिल्या जोडीच्या दातांचा बीट १ किलोहर्ट्झवर, दुसऱ्या जोडीचा २ वर, तिसऱ्या जोडीचा ३ वर. प्रकाशातला अख्खा वर्णपट एक लाखपट आकसून रेडिओच्या पट्ट्यात येतो. ना सरकता आरसा, ना जाळी, फक्त एक डिटेक्टर. वाटेत मिथेन असेल तर त्याने खाल्लेले दात खुजे दिसतात.

पण मर्यादाही त्याच गणितात आहे. या आकड्यांना एका वेळी साधारण ५ टेराहर्ट्झ रुंदीच बघता येते. त्यापुढे गेलात तर एका जोडीचा बीट दुसऱ्या जोडीच्या बीटवर दुमडतो. रेप रेटमधला फरक कमी केला तर रुंदी वाढते पण मोजणी संथ होते. काहीतरी सोडावंच लागतं. कल्पना २००२ मध्ये मांडली गेली, दोन वर्षांत करून दाखवली गेली, आणि २०१४ मध्ये बोल्डरला मोकळ्या हवेत २ किलोमीटरच्या वाटेवर कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मोजून झालं.

हवेच्या दाबाला वायूची रेष काही गिगाहर्ट्झ रुंद असते, म्हणून १०० मेगाहर्ट्झवर दात असले की एका रेषेवर डझनावारी दात पडतात. चंगळ.

---

लोलक

म्हणजे माझ्या नळीतली ६ मेगाहर्ट्झची टोकं दोन कंगव्यांनी बघायला गेलो तर दोन दातांच्या फटीतून निसटतील?

---

धुकं

सरळ निसटतील. दात २५० मेगाहर्ट्झवर, टोक ६ चं. मग रेप रेट किंचित किंचित वाढवत दात पुढे सरकवायचे, प्रत्येक वेळी वर्णपट घ्यायचा आणि शेवटी सगळे एकमेकांत विणायचे. तेव्हा बारीकी दाताच्या स्वतःच्या रुंदीइतकी मिळते, दातांमधल्या अंतराइतकी नाही. त्यासाठी दात मुळात बारीक हवेत, म्हणजे पुन्हा लॉकची कटकट.

चिपवरच्या सूक्ष्म कंगव्यांचा फार गाजावाजा आहे. २००७ पासून बघतोय. वस्तू देखणी आहे, पण त्यांचे दात दहादहा, शंभरशंभर गिगाहर्ट्झवर. माझ्या वायूंना ती फणी नव्हे, दाताळं आहे.

---

चकाट्या

दाताळं! पहिल्या प्रतिसादाचं सार्थक झालं.

---

किनारा

खगोलवाल्यांना मात्र ते दाताळंच हवं असतं. दुर्बिणीचा वर्णपटमापी १०० मेगाहर्ट्झवरचे दात वेगळे दाखवूच शकत नाही, सगळं एकसलग धूसर. म्हणून कंगव्याचा प्रकाश पोकळीतून गाळून बहुतेक दात काढून टाकतात आणि दहावीस गिगाहर्ट्झवरचे तेवढे ठेवतात. चिलीतल्या ला सिया वेधशाळेत ३.६ मीटरच्या दुर्बिणीवरच्या हार्प्स या वर्णपटमापीला असा कंगवा जोडला होता. १९९५ मध्ये सापडलेला ५१ पेगासीचा ग्रह ताऱ्याला सेकंदाला सुमारे ५५ मीटरने डोलवतो. पृथ्वी सूर्याला डोलवते सेकंदाला ९ सेंटिमीटरने. तेवढं पकडायचं तर वर्णपटमापीची पट्टी वर्षानुवर्षं न हलणारी हवी. तारा स्वतः उकळतो आणि डागाळतो ते वेगळंच, त्यावर कंगव्याकडे औषध नाही.

अवांतर: २०२४ मध्ये बोल्डरच्या गटाने कंगवा १४८ नॅनोमीटरच्या अतिनील भागात नेऊन थोरियम-२२९ च्या चक्क अणुकेंद्रकाची रेष मोजली, किलोहर्ट्झपर्यंत. आतापर्यंत इलेक्ट्रॉनांच्या रेषा चालल्या होत्या. मला ती बातमी वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

---

नवशिका

एक शेवटचा प्रश्न. सूत्रात दाताचा क्रमांक लागतो. लोलक यांना कसं कळलं की आपण कितव्या दातावर आहोत? मोजत तर बसले नसतील.

---

लोलक

हाच प्रश्न परवा मलाही छळत होता, कारण आमचा वेव्हमीटर (लेसरची तरंगलांबी मोजणारं यंत्र) दुरुस्तीला गेलाय. तो असता तर सोपं होतं: दात २५० मेगाहर्ट्झवर, वेव्हमीटर शंभरएकच्या आत अचूक, लगेच दात ठरतो. आमच्याकडे उरलाय साधा स्पेक्ट्रोमीटर, अर्ध्या नॅनोमीटरपर्यंत सांगणारा. त्या अर्ध्या नॅनोमीटरमध्ये हजारएक दात मावतात.

म्हणून हिशेबीताईंनी व्यक्तिगत निरोपात सुचवलं ते केलं. लेसर रुबिडियमच्या टोकावर तसाच लॉक ठेवला. रेप रेट १०० किलोहर्ट्झने बदलला. त्याने आमच्या भागातले दात दीडशे गिगाहर्ट्झहून जास्त सरकले, म्हणजे सहाशेच्या वर दात लेसरखालून निघून गेले. नेमके किती गेले ते माहीत नाही, पण तो पूर्णांक आहे हे नक्की. लेसर आणि जवळच्या दाताचा आधीचा आणि नंतरचा बीट मोजला. निघून गेलेल्या दातांचा अंदाज एकाने चुकला तर दाताच्या क्रमांकाचं उत्तर अडीच हजारांनी उडी मारतं, म्हणजे तरंगलांबीत सव्वा नॅनोमीटर. तेवढा फरक आमचा स्पेक्ट्रोमीटर डोळे मिटून ओळखतो.

बीटची खूणही बघितली. रेप रेट केसभर वाढवला तर बीट कमी झाला, म्हणजे लेसर दाताच्या वर आहे. ऑफसेटची खूण तशीच. वहीत चारही शक्यता लिहून तीन खोडल्या.

भागाकार पूर्णांकापासून ०.०८ वर आला. पंधरा लाख छत्तीस हजारांच्या पुढचा दात. ऑफसेट दोनदा घातला, बीट मिळवला, आणि फरक आता २० मेगाहर्ट्झ नाही, ४० किलोहर्ट्झ आहे.

---

हिशेबी

छान! रेप रेट मोजणाऱ्या काउंटरला संदर्भाचं घड्याळ कुठलं दिलंय? १ हर्ट्झची चूक तिथे पंधरा लाखपट होऊन वर दीड मेगाहर्ट्झ दिसते. ४० किलोहर्ट्झला तीसएक मिलिहर्ट्झ पुरतात.

---

लोलक

जीपीएसवरचं. पण आज सकाळी बघितलं तर काउंटरच्या मागची संदर्भाची केबल अर्धवट बसलेली होती. बसवतो आणि पुन्हा घेतो.